दम्यामुळे बाबांना बाहेर पडायची धास्ती बसली आहे, काय करावं?

आठवडी बाजारात एकदा धाप लागली आणि तेव्हापासून बाबा ओट्याखाली उतरत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांची भीती खोटी नाही, त्यामुळे "काही होत नाही, चला" म्हणून ओढू नका. पण बसून बसून पायातली ताकद जाते, मग तेवढ्याच चालण्याला जास्त धाप लागते. शिवाय घरात चूल पेटत असेल तर तिथली हवा कुठे चांगली आहे?

आधी धाप आवरायला शिकवा, तेही बरं असताना. नाकाने श्वास घ्यायचा, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. घेताना दोन मोजले तर सोडताना चार. धाप लागलीच तर बसून पुढे वाकायचं, कोपर गुडघ्यांवर टेकवायचे.

हे जमलं की हातपंपापर्यंत, मग पारापर्यंत. बसायची जागा आधीच हेरून ठेवा. बाजार सगळ्यात शेवटी. शेजारच्या वावरात पऱ्हाट्या जाळताहेत किंवा तुरीचं थ्रेशर सुरू आहे, त्या दिवशी सुट्टी.

डॉक्टरांनी दिलेला औषध ओढायचा पंप (इनहेलर) खिशात हवाच. "पंपाची सवय लागते" म्हणणारे गावात ढिगाने भेटतील, ऐकू नका. साल्बुटामॉल या दम्याच्या औषधाचा पंपातला एक फवारा साधारण 100 मायक्रोग्रॅमचा, त्याचीच गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची. म्हणजे एका फवाऱ्यात गोळीपेक्षा वीस ते चाळीस पट कमी औषध. मात्र पंप वरचेवर लागायला लागला तर डॉक्टरांना दाखवा.

एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा पंपाने उतार पडेना, तर थेट 108 ला फोन.