‘सावकार’, ‘राज्यपाल’ आणि ‘विधेयके’: एका फिलिपिनो बँकरच्या परिचयातले तीन शब्द

प्रश्न असा आहे: फिलिपिन्समधील होसे फर्नांडिस यांच्या इंग्रजी परिचयाच्या मराठी मसुद्यात “हे नामवंत सावकार १९८४ मध्ये केंद्रीय बँकेचे राज्यपाल झाले आणि त्यांनी ‘जोबो विधेयके’ आणली” असे वाक्य आले आहे, ते खटकते, पण नेमके कोणते शब्द योजावेत?

खटकते ते योग्यच आहे. या एका वाक्यातले तिन्ही महत्त्वाचे शब्द चुकले आहेत, आणि प्रत्येकाच्या चुकीचे कारण वेगळे आहे.

‘सावकार’ हा शब्द कोशात पाहिला तर चुकीचा वाटणार नाही, कारण पैशाची देवघेव करणारा धनिक हा त्याचा अर्थ आहेच. परंतु सावकार कर्ज देतो ते मुख्यतः स्वतःच्या भांडवलातून, आणि बँक देते ती हजारो ठेवीदारांनी विश्वासाने ठेवलेल्या पैशातून. हा भेद आपल्या कायद्यानेही मानला आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाच्या कक्षेत बँकांची कर्जे येत नाहीत. शिवाय १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हापासूनची, किंबहुना त्याआधीचीही, कटुता या शब्दाला चिकटलेली आहे आणि ती वाचकाच्या मनातून काढता येत नाही. ‘सराफ’ हा एके काळी उत्तम पर्याय झाला असता. नाणी पारखणारा, हुंड्या वटवणारा तो सराफ, आणि इंग्रजीतला ‘श्रॉफ’ही त्याचाच भाऊबंद. आज मात्र सराफ म्हटले की सोन्याचांदीचे दुकानच डोळ्यांपुढे येते. फर्नांडिस यांनी १९६० मध्ये ‘फार ईस्ट बँक अँड ट्रस्ट कंपनी’ स्थापन केली आणि तिला देशातल्या मोठ्या खासगी बँकांच्या पंक्तीत नेऊन बसवले. अशा माणसाला ‘बँकर’ म्हणावे. तो शब्द मराठीत रुळला आहे. ‘बँक अधिकारी’ म्हणू नये, कारण त्यातून नोकरीतला माणूस सूचित होतो, संस्थापक नव्हे.

‘राज्यपाल’ ही चूक सर्वांत ढोबळ आहे. हा शब्द ‘राज्य’ या घटकाशी बांधलेला आहे आणि संविधानाने निर्माण केलेल्या एका विशिष्ट पदाचे ते नाव आहे. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई प्रांताच्या प्रमुखालाही मराठीत ‘गव्हर्नर’च म्हणत असत, पुढे राज्याच्या प्रमुखासाठी ‘राज्यपाल’ आला, आणि बँकेच्या प्रमुखाकडे ‘गव्हर्नर’ तसाच राहिला. चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्यांना कोणी बँकेचे राज्यपाल म्हटले नाही. मुळात ‘गव्हर्नर’ या शब्दाचा उगम लॅटिनमार्गे ग्रीकमधल्या ‘सुकाणू धरणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, हे मला फार समर्पक वाटते. फिलिपिन्सच्या संदर्भात तर ‘राज्यपाल’ अधिकच दिशाभूल करतो, कारण तिथल्या प्रांतांनाही निवडून आलेले गव्हर्नर असतात आणि वाचक फर्नांडिस यांना त्यांच्यातलेच एक समजेल.

आता ‘बिल’. मराठीत या एका इंग्रजी शब्दाला निदान तीन जागा आहेत: विधिमंडळातले विधेयक, दुकानदाराचे देयक आणि वित्तव्यवहारातले विपत्र, म्हणजे ठरावीक रक्कम देण्याविषयीचा कागद. मसुदा करणाऱ्याने पहिली जागा धरली. पण मध्यवर्ती बँक विधेयक मांडू शकत नाही, आणि ‘जोबो बिले’ म्हणजे काय हे कळण्यासाठी त्या वेळची परिस्थिती पाहावी लागते. ऑगस्ट १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांची मनिला विमानतळावर हत्या झाली, भांडवल देशाबाहेर पळू लागले, ऑक्टोबरमध्ये सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवली, आणि मध्यवर्ती बँकेने आपला परकीय चलनाचा राखीव साठा सुमारे ६० कोटी डॉलरने फुगवून दाखवल्याचे उघड झाले. अशा पत गेलेल्या बँकेची सूत्रे जानेवारी १९८४ मध्ये फर्नांडिस यांच्याकडे आली. त्या वर्षी महागाई ५० टक्क्यांच्या आसपास गेली होती. बाजारातला जादा पैसा शोषून घेण्यासाठी त्यांनी बँकेचे स्वतःचे अल्पमुदतीचे रोखे अतिशय चढ्या व्याजाने विकले, आणि लोकांनी फर्नांडिस यांच्या ‘जोबो’ या टोपणनावावरून त्या रोख्यांना ‘जोबो बिले’ म्हटले. महागाई आटोक्यात आली, परंतु उद्योगांना कर्ज परवडेनासे झाले आणि ते व्याज भरताना बँकेवरच तोट्याचा भार चढला.

यासाठी ‘हुंडी’ सुचवण्याचा मोह होतो, पण हुंडी हा मुख्यतः एकाने दुसऱ्याला दिलेला ‘अमुक रक्कम अमक्यास द्यावी’ असा आदेश असतो, तर इथे काढणारा स्वतःच पैसे परत देण्याचे वचन देतो. ‘विपत्र’ वाणिज्याच्या पुस्तकांबाहेर कोणी वापरत नाही. ‘रोखा’ हा जुना, मराठी कागदपत्रांत मुरलेला आणि आजही ‘सरकारी रोखे’, ‘कर्जरोखे’ या रूपांत जिवंत असलेला शब्द येथे नेमका बसतो. ‘जोबो बिले’ हे विशेषनाम म्हणून पहिल्या उल्लेखात ठेवावे आणि लगेच ‘म्हणजे अल्पमुदतीचे रोखे’ असा खुलासा करावा.

म्हणून वाक्य असे लिहावे: “नामवंत बँकर होसे फर्नांडिस १९८४ मध्ये फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी ‘जोबो बिले’ या नावाने ओळखले गेलेले अल्पमुदतीचे रोखे काढले.” यातली ‘मध्यवर्ती’ ही दुरुस्तीही मुद्दाम केली आहे, कारण मराठी अर्थविषयक लेखनात हाच शब्द रूढ आहे. मात्र मसुद्यात पुढे कुठे ‘बांग्को सेंत्राल’ (म्हणजे मध्यवर्ती बँक) हे नाव आले असेल तर ते फर्नांडिस यांच्या कारकिर्दीला लावू नये. ते १९९० पर्यंत गव्हर्नर होते, आणि त्या नावाची नवी बँक १९९३ च्या कायद्याने अस्तित्वात आली.