बिल पूर्ण भरत असतानाही क्रेडिट कार्डे बंद करावीत का?

आपण विचारले आहे की, तिन्ही कार्डांची बिले दर महिन्याला पूर्ण भरूनही हाती काही शिल्लक राहत नाही, तर ती बंद करावीत का आणि त्यामुळे सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात तो पतीचा गुणांक, किती खाली येईल. पहिल्या भागाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: बंद करावीत. "बिल पूर्ण भरतो, मग अडचण काय?" हे वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षे ऐकले आहे की, सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मोठ्या दिरांचे म्हणणे असे की, पंचेचाळीस-पन्नास दिवस बँकेचा पैसा बिनव्याजी वापरायला मिळतो, वर पॉइंट मिळतात, मग ही सोय नाकारणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. यजमानांनाही ते पटलेले होते. किराणा, पेट्रोल, मुलांची फी, विम्याचा हप्ता असे सगळे कार्डावर जात असे आणि बिलाची तारीख कधी चुकत नसे. माझा आक्षेप व्याजाला नव्हताच. मार्चमध्ये खाल्लेले धान्य आपण एप्रिलच्या पगारातून फेडतो, म्हणजे येणारा प्रत्येक पगार येण्याआधीच खर्च झालेला असतो, आणि बँकेत दिसणारी शिल्लक खरे तर आपली नसते, एवढेच मी सांगत होते.

मार्च २०२० चे बिल आले तेव्हा टाळेबंदी लागली होती आणि यजमानांचा पगार निम्म्यावर आला होता. विम्याचा वार्षिक हप्ता नेमका त्याच बिलात होता. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जांचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, ती नंतर ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली, आणि कार्डाची थकबाकीही त्यात धरलेली होती. दिरांनी ही सवलत घेण्याचा आग्रह धरला. मी ठाम नकार दिला, कारण भरणा पुढे गेला तरी व्याज थांबणार नव्हते. ४०,००० रुपये मागे राहिले आणि महिना साडेतीन टक्के दर धरला, तर व्याज १,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२, असे एका महिन्याचे १,६५२ रुपये होतात. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही संपते आणि दूध-भाजीवरसुद्धा घेतल्या दिवसापासून व्याज चढते. मी मुदतठेव मोडून बिल पूर्ण भरायला लावले. सहा-सात टक्क्यांची ठेव जपायची आणि चाळीस टक्क्यांवरचे कर्ज अंगावर ठेवायचे, यात शहाणपण कोणते?

पुढे सरकारने त्या काळातले व्याजावरचे व्याज परत दिले, हे दीर आजही ऐकवतात. परंतु परत मिळाला तो चक्रवाढ आणि साध्या व्याजातला फरक; मूळ व्याज ग्राहकांनीच भरले.

त्या बिलानंतर आम्ही आमच्याकडची दोन्ही कार्डे बंद केली. तेव्हा ठेव कामी आली म्हणून हे एका झटक्यात जमले. एरवी कार्ड सोडताना मागचे बिल आणि चालू खर्च एकाच पगारातून निभवावे लागतात आणि बहुतेक घरे तिथेच माघार घेतात. म्हणून आधी फक्त किराणा रोखीवर आणावा, दोन-तीन महिन्यांनी पेट्रोल आणि शेवटी फी. विम्यासारख्या वार्षिक खर्चाचा बारावा हिस्सा दरमहा आवर्ती ठेवीत टाकावा. यूपीआयला रूपे क्रेडिट कार्ड जोडलेले असेल, तर ते आधी काढावे, अन्यथा रोख दिल्यासारखे वाटते आणि उधारी चालूच राहते.

स्कोअर किती गुणांनी घटेल, हे आधी सांगता येत नाही. कार्डांची एकूण खर्चमर्यादा कमी झाली की उरलेल्या कार्डांवरच्या वापराचे प्रमाण वाढते, त्यामुळे तो काही काळ घसरू शकतो. मात्र ज्या घराला कर्ज काढायचेच नाही, त्याने या आकड्याची धास्ती घेऊ नये. येत्या वर्षभरात गृहकर्ज घ्यायचे असेल, तर सर्वांत जुने कार्ड मंजुरीपर्यंत ठेवावे, पण त्यावर घरखर्च टाकू नये. रुग्णालयात भरायला पुरेल एवढी रक्कम हाताशी नसेल, तर ती साठेपर्यंतही एक कार्ड राहू द्यावे. सर्व बाकी भरल्यानंतर बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झाले नाही, तर बँक ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये देणे लागते. कार्डावर लावलेले आपोआप कापले जाणारे हप्ते मात्र अर्जाआधीच दुसरीकडे वळवावेत.

आणि कोणी पॉइंटांचा हिशेब मांडू लागले, तर खात्यातल्या शिल्लकीतून कार्डाचे चालू बिल वजा करून काय उरते, हे त्यांना विचारावे. आमच्या घरातल्या वादात मला याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.