तोंडात मंत्र, डोक्यात मीटिंग : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, रोज सकाळी वीस मिनिटं बसून 'ॐ नमः शिवाय'चा जप करतो, अगदी मनातल्या मनात. पण मंत्र एकीकडे आणि डोक्यात ऑफिसची मीटिंग, कोणाला काय रिप्लाय द्यायचा, हेच चालू. कधीकधी तर माळ संपते तेव्हाच कळतं की अरे, संपली पण! अशा जपाचा काही उपयोग आहे का, की नुसता टाइमपास?

उत्तर : तुमच्या पत्रातले 'मनातल्या मनात' हे शब्द मला महत्त्वाचे वाटले. मानस जप सगळ्यात श्रेष्ठ हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं. मनुस्मृतीत तसा हिशोबच दिलाय, विधियज्ञापेक्षा जप दसपट, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शंभरपट आणि मानस जप हजारपट. मग काय, हजारपट मिळतंय म्हटल्यावर शंभरावर कोण थांबणार, सगळे पहिल्या दिवसापासून थेट मानस जपालाच बसतात. पण ज्या मनात मंत्र म्हणायचा त्याच मनात तुमची मीटिंग पण भरते ना, आणि मीटिंगची सवय जुनी आहे, मंत्राची नवी, तेव्हा कोण जिंकणार ते उघड आहे.

म्हणून काही दिवस सरळ मोठ्याने म्हणा. घरात कोणी झोपलं असेल तर हळू, पण स्वतःच्या कानाला ऐकू यायला हवं. 'न'ला जीभ दातांमागे टेकते, 'म'ला ओठ मिटतात, 'शि'ला जीभ टाळूपाशी जाते पण पूर्ण टेकत नाही, हे जरा जाणवू दे. आणि एक गंमत बघा, मीटिंग बहुतेक वेळा मंत्राच्या मधे घुसत नाही, ती घुसते एक मंत्र संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या फटीत. तेव्हा शेवटचा 'य' श्वास संपेपर्यंत सावकाश सोडायचा, मग नवीन श्वास आत घ्यायचा आणि पुढचा मंत्र, म्हणजे त्या फटीतसुद्धा लक्ष ठेवायला श्वास असतो. हे जमायला लागलं की आवाज कमी करत ओठांपर्यंत या, मग ओठ पण थांबवा. मधेच परत भरकटलात तर एक पायरी खाली उतरा, त्यात कमीपणा कसला?

आणि उपयोगाचं विचाराल तर गीतेच्या सहाव्या अध्यायात 'मन पळणार नाही' असं आश्वासन कुठेच नाहीये. ते जिथे जिथे जाईल तिथून परत आणा, एवढंच म्हटलंय. आणताना स्वतःवर चिडू मात्र नका, कारण चिडलात की मीटिंगच्या जागी चिडचिड येऊन बसते आणि मंत्र बाहेरच राहतो.

प्रश्न : मी कोणाकडून दीक्षा घेतलेली नाही. एका व्हिडिओत ऐकलं की गुरूशिवाय मंत्र म्हटला किंवा उच्चार चुकला तर उलटा परिणाम होतो. तेव्हापासून जपाला बसायचीच भीती वाटते.

उत्तर : ही भीती बहुतेक त्वष्टा या वैदिक देवाच्या गोष्टीतून येते. इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला, 'इन्द्रशत्रुः' म्हणताना स्वर चुकला, अर्थ फिरला आणि इंद्रानेच त्या मुलाला, म्हणजे वृत्राला, मारलं. पण ही गोष्ट आहे वैदिक मंत्रांची, तिथे उदात्त-अनुदात्त, म्हणजे उंच-खालचे स्वर, सांभाळावे लागतात आणि ते कोणाकडून तरी समोर बसूनच शिकावं लागतं, यात वाद नाही. तंत्रातले बीजमंत्र पण दीक्षेशिवाय घेऊ नयेत अशी परंपरा आहे, ती पाळा. नामाचं तसं नाही. त्याच परंपरेत 'मरा मरा' म्हणत वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्टही आहेच की, ती व्हिडिओवाल्यांना बरी आठवत नाही! राम, विठ्ठल, शिव, देवी, जे नाव तोंडात सहज येतं ते घ्या आणि एकच धरा. दर आठवड्याला नवीन मंत्र ट्राय करणं हे चुकीच्या उच्चारापेक्षा जास्त नुकसानीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माळ वापरू की बोटातला डिजिटल काउंटर? आणि तर्जनी लावायची नाही म्हणतात ते का?

उत्तर : दोन्ही चालतं. माळेत १०८ मणी आणि वर मेरुमणी असतो, तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. मणी मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने ओढायचा. तर्जनी अहंकाराचं बोट मानतात म्हणून बाजूला ठेवतात, आणि तसंही या पद्धतीत तिची गरज पडत नाही. माझा कल माळेकडे, कारण काउंटरवर नजर जाते आणि मग आकडा वाढवायची घाई सुटते. 'श्रीराम जय राम जय जय राम' नीट म्हटलं तर चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे एका माळेला सात ते नऊ मिनिटं. तीन मिनिटांत माळ होत असेल तर तुम्ही अक्षरं गिळताय. हरिपाठात 'पुण्याची गणना कोण करी' म्हटलंय, तिथे आपण स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. रात्री अभ्यास झाल्यावर जपाला बसले की पाच मिनिटांत डुलकी लागते. ध्यान लागतंय का ते?

उत्तर : नाही गं, झोप लागतेय. ध्यानाच्या विघ्नांमधे 'लय' म्हणून हे वेगळं सांगितलंच आहे, त्यामुळे तू काही पहिली नाहीस. दमलेली असशील तर सरळ झोप, आणि जप सकाळी तोंड धुवून कर. रात्रीच करायचा असेल तर पलंगावर बसू नकोस, डोळे अर्धे उघडे ठेव, आवाजात म्हण, तरीही डोकं खाली जात असेल तर चालत चालत म्हण. आणि कानात हेडफोनवर मंत्र लावून झोपणं हा जप नाही. त्याने छान झोप लागत असेल तर खुशाल लाव.

प्रश्न : बीपीची गोळी चालू आहे. जपाने बीपी कमी होतं असं ऐकलं. गोळी बंद करून बघू का?

उत्तर : अजिबात नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे एक अभ्यास आला होता, त्यात २३ निरोगी लोकांना रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची जी आपोआप चालणारी यंत्रणा असते तिचा प्रतिसाद सुधारला. वर 'य' लांबवायला सांगितलं त्यात श्वास असाच संथ होतो. पण लोक निरोगी होते, मोजलं ते जप चालू असतानाचं, आणि गोळी सोडून काय होतं हे त्यात बघितलेलंच नाही. तेव्हा गोळी आणि जप दोन्ही चालू ठेवा, घरी मशीन असेल तर रीडिंग लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा की नाही ते त्यांना ठरवू दे. आणि श्वास ओढूनताणून लांबवू नका, गरगरलं तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्या.