खुनी आधीच कळला तरी जीव टांगणीला का लागतो?

तुम्ही विचारलंय की खुनाच्या सिनेमात कथेचे टप्पे कसे मांडले की उत्कंठा वाढत जाते, आणि त्यासाठी खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवावंच लागतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही लागत. माझ्या मते तर अनेकदा खुनी लपवण्याच्या नादातच पटकथा फसते, कारण लेखक सगळी ताकद शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवतो.

२०१५ चा हिंदी 'दृश्यम' घ्या. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटावरून निशिकांत कामत यांनी तो गोव्यात घडवला. (पाहिला नसेल तर आधी पाहा, मग पुढे वाचा.) खून कोणाच्या हातून झाला, का झाला, हे आपल्या डोळ्यांसमोर घडतं. तरीही आपण जागचे हलत नाही, कारण मनातला प्रश्न बदललेला असतो. 'कोणी केलं?' उरतच नाही, त्याच्या जागी 'हे कुटुंब यातून सुटेल का?' येतो. हा दुसरा प्रश्न जास्त छळतो, कारण त्यात आपण बाजू घेतलेली असते.

आता टप्पे बघा. या कुटुंबाचा प्रमुख विजय साळगावकर मारल्या गेलेल्या मुलाची पिवळी गाडी चालवत निघतो आणि नेमका पोलीस गायतोंडे त्याला बघतो. मोजून काही क्षणांचा प्रसंग. पण दोघांमधली खुन्नस आधीच पेरून ठेवलेली आहे, म्हणून त्यानंतर गायतोंडे पडद्यावर आला की आपल्या पोटात गोळा येतो. पेरणी आधी आणि धोका नंतर, हा क्रम उलटा झाला असता तर तोच प्रसंग निव्वळ योगायोग वाटला असता.

मग चौकश्या. बस, हॉटेल, सिनेमा, पावभाजी, प्रत्येक साक्ष, आम्ही तेव्हा गावाबाहेर होतो या विजयच्या सांगण्याशी जुळते. आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण त्या मुलाची आई आणि पोलीस अधिकारी असलेल्या मीरा देशमुखला खटकतं ते नेमकं हेच जुळणं. ज्या गोष्टीने आपल्याला धीर दिला तिच्यातूनच पुढचं संकट उभं राहतं. मला पूर्ण चित्रपटात सगळ्यात हुशारीची जागा हीच वाटते. चांगल्या टप्प्याची माझी कसोटीही तीच आहे : तो एका प्रश्नाचं उत्तर देतो, पण त्या उत्तरातूनच आणखी अवघड प्रश्न निघतो.

आणि मृतदेह शोधायला पोलीस साळगावकरांच्या घरामागचा खड्डा खणतात, तो प्रसंग. आईबरोबर मी तो तिसऱ्यांदा पाहत होतो. तिलाही सगळं ठाऊक होतं, तरी पहिलं फावडं पडलं तशी तिने माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. धक्का एकदाच बसतो, पण अशी वाट पाहणं पुन्हा पुन्हा छळू शकतं. दिग्दर्शक तिथे अजिबात घाई करत नाही. आधी विजयच्या धाकट्या मुलीला, लहानग्या अनूला झालेली मारहाण आपण पाहिलेली असते, त्यामुळे मातीचा एकेक थर निघताना अंगावर येतो.

दिग्दर्शक हिचकॉकने १९६० च्या 'सायको'त हेच केलं होतं. नायिका समजून आपण जिच्यामागे पाऊण तास जातो तीच मारली जाते. मग मोटेल चालवणारा नॉर्मन खुनाचा पुरावा लपवायला तिची गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते, आणि आपल्या लक्षात येतं की ती बुडावी असं आपल्यालाच वाटतंय. त्या क्षणभराच्या थांबण्याने प्रेक्षक गुन्ह्यात सामील होतो.

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर एक करून पाहा. प्रत्येक प्रसंग वेगळ्या कागदावर घ्या आणि खाली एवढंच लिहा : 'हा संपताना प्रेक्षक कशाची वाट पाहतोय?' लागोपाठ दोन कागदांवर तेच वाक्य आलं, तर त्यातला एक प्रसंग बहुधा काढावा लागेल. एकही वाक्य सुचलं नाही, तर तिथे कथा थांबली आहे. मात्र मध्ये मध्ये घरगुती, हलके प्रसंगही ठेवा. साळगावकरांच्या घरातली थट्टामस्करी आधी पाहिली नसती, तर त्यांच्यासाठी जीव का जळला असता?

'दृश्यम' पुन्हा पाहाल तेव्हा पहिला प्रसंग नीट बघा. विजय पोलीस ठाण्यात शांत बसलेला आहे. पहिल्यांदा पाहताना आपण फक्त त्याचा चेहरा बघत असतो. दुसऱ्यांदा ते ठाणंही बघा.