शंका-समाधान : २,१४,७४,८३,६४७ ला भाग जात नाही, हे कसं ठरलं?

प्रश्न : २०३८ साली जुन्या संगणकांची घड्याळं गडबडणार, अशी बातमी वाचली. त्यात २,१४,७४,८३,६४७ हा आकडा होता आणि ती मूळ संख्या आहे असंही लिहिलं होतं. संगणक नसताना हे कुणी तपासलं असेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तपासलं होतं, आणि तेही १७७२ साली! सेंट पीटर्सबर्गमध्ये, गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. चाळीस वर्षं गणित शिकवलं, पण हा प्रसंग सांगताना आजही माझा आवाज जरा चढतो.

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात, वजा १. भाजक शोधायचा तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच जावं लागतं. पण तिथवर ४,७९२ मूळ संख्या आहेत. ऑयलर यांनी आधी विचारलं, मूळ भाजक असलाच तर तो कसा असेल? त्या भाजकाने भागून २ च्या घातांच्या बाक्या लिहीत गेलं, तर ३१ व्या घाताला बाकी १ येणार. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमाने भाजकाहून एक कमी इतक्या घातालाही ती १ च येते. ३१ स्वतः मूळ आहे, म्हणून भाजकातून १ वजा केला की ३१ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ असावी लागते. दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजकाला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरते. अशा संख्या उरतात फक्त ३७३! त्यांतही ६३ म्हणजे ७ गुणिले ९ आणि २४९ म्हणजे ३ गुणिले ८३, त्या सोडून द्या.

पहिली खरी उमेदवार ३११. निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात वही घेऊन मी ती अशी तपासली : २ चा ८ वा घात २५६. त्याचा वर्ग ६५,५३६, बाकी २२६. २२६ चा वर्ग ५१,०७६, बाकी ७२. हा झाला ३२ वा घात. निम्मे ३६, ही ३१ व्या घाताची बाकी; त्यातून १ गेला, ३५ उरले. भाग जात नाही. मोठा भागाकार न मांडता, चार ओळींत!

घात मूळ आहे म्हणून उत्तरही मूळच येईल, असं मात्र समजू नका. वर्गात हमखास होणारी चूक ती हीच. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे.

घड्याळाचं म्हणाल, तर ती १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३१ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३१ घरांत, मोजतात. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. ती भरेल १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी.

३११ नंतरची मूळ उमेदवार १३०३. ती तुम्ही करून पाहा. बाकी २२६ यायला हवी.