तुझ्या प्रेमपटाच्या खर्ड्याबद्दल

नाशिक

अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा दोनदा वाचली. संवाद कानाला गोड लागतात. पंचवटी एक्स्प्रेसमधला पासधारकांचा डबा तर डोळ्यांसमोर उभा राहतो. पण एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा हिशेब धरला, तर तुझी जोडी सत्ताविसाव्या मिनिटाला भेटते. प्रेमपटाचं तिकीट काढणारा माणूस त्या दोघांना एकत्र बघायलाच आलेला असतो. पहिली भेट दहा-बारा पानांच्या आत आण. ती चुकून पासधारकांच्या डब्यात चढते आणि त्याच्या जागेवर बसते, हा प्रसंग तुझ्याकडे आहेच. ती उठत नाही आणि तो इगतपुरीपर्यंत कुरकुरतो, यात दोघांचे स्वभाव कळतात.

खरा घोळ मध्यंतरानंतर आहे. ६८व्या पानावर तो तिचं फोनवरचं अर्धं बोलणं ऐकतो आणि दुरावा सुरू होतो. एका फोनने मिटेल असा गैरसमज ४० पानं ताणता येत नाही. 'अरे, विचार ना तिला!' असं प्रेक्षकाच्या मनात आलं की सिनेमा हातचा गेलाच म्हणून समज. प्रेमपट अडथळ्यावर उभा असतो, आणि तुझा अडथळा तू स्वतःच कोपऱ्यात टाकलायस: तिची पिंपळगावची द्राक्षबाग. वडील अंथरुणाला खिळलेले, डोक्यावर गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज. त्याला मात्र मुंबईत कायमचं राहायला जायचंय. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच सुटत नाही. शिवाय ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतचे साधारण १२०-१३० दिवस ही मुदत तुला आयती मिळते. अवकाळी पावसाने मणी तडकले की पेच आणखी घट्ट होतो. खलनायकाची गरजच नाही.

गोदाघाटावरचं गाणं काढ. गाण्याआधी दोघं जिथे होती तिथेच नंतरही असतील, तर ती पाच मिनिटं वाया गेली. त्या जागी विरळणी, म्हणजे घडातले दाटीचे मणी कापून काढणं, दाखव. तो कात्रीने घडातले मणी भसाभस कापतोय. ती त्याचं मनगट धरते, घड हलकेच उलटा करते, दाटीतला एक मणी बोटाने दाखवते. तो तेवढाच कापतो. मनगट सोडायला तिला क्षणभर उशीर होतो. बस. इथे एकही शब्द घालू नकोस.

ती 'नाही' म्हणाल्यावरही तो कॉलेज रोडवर तिच्या मागे फिरतो, ते तिन्ही प्रसंग उडव. पाठलागाला प्रेम म्हणायची सवय आपल्या सिनेमाला फार वर्षं आहे, आणि रस्त्यावर त्याचा त्रास मुलींनी सोसलाय. मला ते तुझ्या हातून नकोय.

योगायोगाने भेट चालते, पुनर्मीलन चालत नाही. शेवटी दोघं स्टेशनवर अचानक समोरासमोर येतात, तिथे सगळी कमाई जाते. कुणीतरी ठरवून, काहीतरी गमावून यायला हवं. तिने बाग विकायची असेल, तर त्यानेही काय सोडलं ते तितक्याच ठळकपणे दिसू दे. आधी ही शेवटची १५ पानं लिही, मधली नंतर. तेवढीच पाठवलीस तरी चालेल.