मध्ययुगीन पश्चिम युरोपावर राज्य करणाऱ्या शार्लमेन सम्राटाला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे: लिहिणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, पण म्हणून त्याला अडाणी ठरवणं चूक. त्याच्या दरबारात राहिलेल्या आइनहार्डनेच चरित्रात लिहून ठेवलंय की, अक्षरं गिरवायला तो पाट्या उशाखाली ठेवायचा, पण सुरुवातच उशिरा केल्यामुळे फारसं साधलं नाही. लॅटिन मात्र मातृभाषेसारखी बोलायचा आणि जेवताना जुना इतिहास दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. फर्मानांवरची नाममुद्रा (नावाच्या अक्षरांची खूण) लेखनिक रेखाटत, हा फक्त मधली एक रेघ पुरी करायचा. आता आइनहार्डचा रोख साध्या लिहिण्यावर होता की सुबक हस्ताक्षरावर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गंमत म्हणजे आजच्या रोमन लिपीतली लहान अक्षरं त्याच्याच राजवटीत (७६८ ते ८१४) रुळलेल्या वळणावरून आलीत.